आडनावातला आणि शब्दातला ‘सर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरदेसाई, सरनाईक, सरपोतदार या आडनावांतला ‘सर’ म्हणजे नेमकं काय?

फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं. डोकं सगळ्यांत वर असतं, म्हणून वरचा, मुख्य, प्रमुख हा पुढचा अर्थ. एखाद्या हुद्द्याच्या आधी ‘सर’ लागला की त्या हुद्द्याच्या माणसांवरचा माणूस. अनेक देसायांवर सरदेसाई, नाइकांवर सरनाईक, पोतदारांवर सरपोतदार.

यातूनच ओळखायची युक्ती मिळते. ‘सर’ झाकून उरलेला भाग वाचा. उरलं ते एखादं पद असेल (देशमुख, देशपांडे, मुकादम) तर हा आपला ‘सर’. उरलं ते काहीच नसेल किंवा गावाचं नाव असेल, तर गोष्ट वेगळी. खालची बरीच उत्तरं या एका युक्तीवर उभी आहेत.

शाळेतल्या ‘सरां’शी किंवा इंग्रजांच्या ‘सर’ किताबाशी याचा संबंध आहे का?

नाही. इंग्रजी ‘सर’ फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘वडीलधारा’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. ‘सीनियर’ही त्याच घरातला. फारसी ‘सर’ आणि इंग्रजी ‘सर’ मराठीत येऊन सारखे ऐकू येतात, इतकंच.

घोटाळा मात्र खरोखर होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना १९४४ मध्ये इंग्रजांचा किताब मिळाला. म्हणजे ते ‘सर’ देशमुख झाले, सरदेशमुख नव्हेत. मधली मोकळी जागा खाल्ली की रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर थेट परगण्याचा वतनदार होतो.

मग संस्कृत ‘शिर’ आणि फारसी ‘सर’ एकच का?

एकाच मुळातून फुटलेले. संस्कृत ‘शिरस्’ आणि प्राचीन इराणी भाषांमधला त्याचा जोडीदार हे सख्खे भाऊ, आणि आजचा फारसी ‘सर’ त्या इराणी शाखेतला. पण म्हणून ‘सरदेसाई’तला ‘सर’ संस्कृतमधून आला असं म्हणता येत नाही. तो फारसीच्या वाटेनेच आला. नातं आहे, उसनवारी संस्कृतकडून नाही.

मराठी कानाला मात्र हे नातं आपसूक जाणवलं असावं, कारण फारसीतून आलेल्या कितीतरी शब्दांत आपण ‘सर’चा ‘शिर’ करून टाकला. पगडीवरचं आभूषण ते ‘सरपेच’, आपला शिरपेच. दरबारात डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख बक्षीस मिळायचा तो ‘सर-ओ-पा’, आपला शिरपाव. ‘सरजोर’चा शिरजोर झाला आणि ‘चोर तो चोर वर शिरजोर’ म्हणताना यातला शब्द फारसी नाही ना, अशी शंकाही कुणाला येत नाही. सगळ्यांत गमतीचा ‘शिरस्ता’. मूळ ‘सर-रिश्ता’, म्हणजे धाग्याचं टोक. त्यावरून दफ्तर, मग दफ्तराची ठरलेली पद्धत, मग कुठलीही ठरलेली पद्धत. कचेरीतला शिरस्तेदार तो हाच.

हे फारसी शेपूट, म्हणजे खरं तर फारसी डोकं, मराठी आडनावांना लागलं कधी?

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि दख्खनच्या दरबारात फारसी स्थिरावली. पुढे निजामशाही आणि आदिलशाहीतही वरच्या पातळीवर तीच राहिली. पण गावपातळीवर वसूल करणारी, हिशेब ठेवणारी माणसं इथलीच होती आणि त्यांच्या हुद्द्यांची नावंही इथलीच: देशमुख, नाईक, कुलकर्णी. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) हिशेबाच्या दफ्तरांतून फारसी काढून स्थानिक भाषा आणली, तेव्हा या मंडळींचं वजन आणखी वाढलं.

अशा कारभारात वरचा अधिकार दाखवायला फारसी ‘सर’ आणि खालचं पद दाखवायला देशी शब्द, अशी सांधेजोड होणं साहजिक होतं. ‘देशमुख’ अस्सल संस्कृत वळणाचा, त्याला डोकं लागलं फारसी. ‘नाईक’ हा ‘नायक’, त्यालाही तेच. ‘पोतदार’ मात्र दोन्हीकडून फारसी: ‘फोता’ म्हणजे पैशांची थैली, ती सांभाळणारा फोतेदार. नाणी पारखणं आणि खजिन्याचा भरणा बघणं हे त्याचं काम.

भाषाशुद्धीवाल्यांना असले जोडशब्द खटकतात. मला ते आवडतात. राज्यं कुणाची होती आणि काम कोण करत होतं, हे त्या एकेका शब्दात दिसतं.

सरदेशमुख हे पद आणि इतिहासाच्या पुस्तकातली ‘सरदेशमुखी’ एकच का?

मूळ एकच, पण आवाका फार वेगळा.

देशमुख हा परगण्याचा वतनदार: वसुलीवर देखरेख, पाटलांवर वचक आणि त्याबद्दल उत्पन्नात हक्क. असे अनेक देशमुख ज्याच्या हाताखाली तो सरदेशमुख. त्याचा हक्क म्हणजे सरदेशमुखी. इथपर्यंत हा एखाद्या प्रांतातल्या घराण्याचा मामला होता.

शिवाजी महाराजांनी त्याला राजकारणाचं हत्यार केलं. सगळ्या दख्खनची सरदेशमुखी आमचं वतन आहे, हा तो दावा. वतन म्हटलं की ते वंशपरंपरेचं. बादशहाने मेहेरबानीने द्यायची ती चीज नव्हे, मुळात आपलीच. म्हणून चौथाई आणि सरदेशमुखी एकत्र उच्चारली जात असली तरी त्यांचा आधार वेगळा आहे. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, शेकडा २५. सरदेशमुखी त्यावर आणखी शेकडा १०. शंभर रुपये वसुलाच्या मुलखातून पस्तीस रुपये मराठ्यांकडे. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७१९ मध्ये दिल्लीहून परतले ते दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाईंची सुटका, हे दोन्ही पदरात पाडून. पुढच्या वाटणीत चौथाईचे तुकडे सरदारांत पडले, पण सरदेशमुखी छत्रपतींचं वतन म्हणून त्यांच्याकडे राहिली.

तेव्हा तुमचं आडनाव सरदेशमुख असेल तर तुमचे पूर्वज सहा सुभ्यांचा दशांश गोळा करत होते असं समजू नका. ते आपापल्या प्रांताचे सरदेशमुख होते. त्यातही काही कमी मान नव्हता.

सरदेसाई आणि सरदेशमुख यांत फरक काय?

प्रदेशाचा. देशावर ज्याला देशमुख म्हणत त्यालाच दक्षिण कोकणात, गोव्यात आणि कानडी मुलखात देसाई म्हणत. ‘सर’ लागल्यावरही तेच. म्हणून सरदेसाई आडनाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव या पट्ट्यात जास्त. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले त्या कसबा संगमेश्वरात सरदेसाईंचा वाडा आहे, तो याच वतनदारीच्या जगातला.

गोव्यात पोर्तुगीज दफ्तरांमुळे या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये दोन ‘एस’ आले. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला एकटा ‘एस’ ‘झ’सारखा वाचला जातो. ‘देझाई’ होऊ नये म्हणून ‘एस’ दुप्पट केला. कोकणी कवी मनोहरराय सरदेसाई आपलं नाव तसंच लिहीत. त्यामुळे एकाच कुळातली गोव्याची शाखा दोन ‘एस’ची आणि महाराष्ट्रातली एका ‘एस’ची असू शकते. मडगावात जन्मलेले क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई, ज्यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोटींमध्ये ६४२ धावा केल्या, ते मात्र एका ‘एस’चे.

सरनोबत म्हणजे सेनापतीच ना?

कधी हो, कधी नाही. इथे जरा थांबायला हवं, कारण घराण्याच्या कथा इथेच फुगतात.

शब्द असा: ‘सर-इ-नौबत’. नौबत म्हणजे पाळी, पहारा आणि त्या वेळी झडणारा नगाराही. नौबतीचा प्रमुख तो सरनोबत. शिवशाहीच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, त्याच्यावर जुमलेदार, त्याच्यावर हजारी, पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर हे या अर्थाने सरनोबत. पायदळाचा सरनोबत वेगळा.

पण किल्ल्यावरही सरनोबत असे. तिथे हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांकडे मिळून कारभार होता. एकट्याच्या हाती गड राहू नये, कुणी फितूर झाला तर बाकीच्यांनी अडवावं, ही त्यामागची दक्षता. किल्ल्यांची संख्या लक्षात घेतली तर अशा सरनोबतांची संख्याही लक्षात येईल. म्हणजे सरनोबत आडनावाचं घराणं सैन्याच्या सर्वोच्च पदावरून आलेलं असण्यापेक्षा एखाद्या गडाच्या तटबंदीवरून आलेलं असण्याचा संभव जास्त. मला विचाराल तर यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावं संस्कृत झाली: पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती. ‘राज्यव्यवहारकोश’, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, तयार करून घेतला तो याच धोरणातून. गंमत बघा, सरनोबत कागदावरून मागे सरला, तरी आज आपण प्रतापरावांना, हंबीररावांना ‘सरसेनापती’ म्हणतो. जो ‘सर’ काढला तो मागच्या दाराने संस्कृत शब्दालाच येऊन चिकटला.

आडनाव म्हणून सरनोबत कोल्हापूरकडे ठळक. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुल प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या राही सरनोबत तिथल्याच.

सरकार, सरदार, सरखेल ही आडनावंही यातलीच का?

हो, फक्त यांत ‘सर’नंतर पद येत नाही.

‘सरकार’ म्हणजे ‘सर’ अधिक ‘कार’, कामाचा प्रमुख, कारभारी. मोगलांच्या व्यवस्थेत सुभा आणि परगणा यांच्या मधल्या विभागालाही सरकार म्हणत. आडनाव म्हणून ते बंगालमध्ये फार. इतिहासकार जदुनाथ सरकार (१८७० ते १९५८) आणि आपले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५ ते १९५९) यांची मैत्री आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. मराठ्यांचा आणि मोगलांचा इतिहास लिहिणाऱ्या या दोघांच्याही आडनावाची सुरुवात एकाच फारसी अक्षरांनी व्हावी, हा योगायोग मोठा झकास आहे.

‘सरदार’ म्हणजे प्रमुखपद धारण करणारा. संतसाहित्याचे अभ्यासक गं. बा. सरदार यांचं ते आडनाव, तर वल्लभभाई पटेलांना बारडोलीच्या १९२८ च्या लढ्यानंतर लोकांनी दिलेली ती उपाधी. ‘सरखेल’ म्हणजे ‘खेल’चा, फौजेच्या तुकडीचा, मुख्य. कान्होजी आंग्रे सरखेल म्हणून ओळखले जात आणि त्यांच्यामुळे या शब्दाला समुद्राचा वास लागला. मुळात त्यात जहाज नाही.

आडनावात ‘सर’ असला की अमुक जात, असं सांगता येतं का?

नाही. ही आडनावं पदावरून पडली आणि पदं अनेक जातींकडे होती. देशमुखी मराठ्यांकडे होती तशी ब्राह्मणांकडे आणि प्रभूंकडेही होती. आडनावावरून जात हुडकायची आपली खोड या आडनावांपुढे हमखास फसते. दोन सरदेसाई घराण्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असंही नाही. पद एक, घराणी निराळी.

सराफ, सरमळकर, सरडे, सुरनीस यांतही हाच ‘सर’ आहे का?

युक्ती लावून बघा. ‘सराफ’ अरबी शब्द, नाण्यांची अदलाबदल करणारा. त्यातून ‘सर’ वेगळा निघत नाही. सरमळकर हे सरमळे गावावरून. सरड्याबद्दल काय बोलावं! सुरनीस फसवा आहे, कारण ते खरोखर पद होतं, पण त्यात ‘सर’ नाही. ‘नीस’ म्हणजे लिहिणारा (चिटणीस, फडणीस, सबनीस यांतला) आणि राज्याभिषेकानंतर या सुरनिसाचाच सचिव झाला.

रोजच्या बोलण्यात हा ‘सर’ आणखी कुठे कुठे दडलाय?

सरहद्द, सरंजाम, सरबराई. आणि ‘सरासरी’: फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. परीक्षेची सरासरी काढणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोण सांगणार! गड ‘सर’ करतो तोही फारसीच.

उलट मोत्यांचा सर, पावसाची सर, ‘याला त्याची सर नाही’ मधली सर, सरकणं, सरपटणं यांचा डोक्याशी काही संबंध नाही.

सरपंच, सरन्यायाधीश हे शब्द जुने की सरकारी भाषांतरात बनवलेले?

घडण जुनी, वापर नवा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने सरपंच आणि उपसरपंच ही पदं महाराष्ट्रात घरोघरी पोचवली. ‘उपसरपंच’ हा शब्द जरा निरखून बघा: संस्कृत ‘उप’, मध्ये फारसी ‘सर’, शेवटी पुन्हा संस्कृत वळणाचा ‘पंच’. डोक्याच्या खालचं डोकं. व्याकरणाच्या शिस्तीत हा बसू नये, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या पदासाठी होणारी चुरस बघितली तर व्याकरणाची फिकीर कुणाला नाही हे कळतं.

न्यायालयांच्या बाबतीत मराठी वर्तमानपत्रांनी एक चांगली सोय करून ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख ते सरन्यायाधीश, उच्च न्यायालयाचे प्रमुख ते मुख्य न्यायमूर्ती. बातमीत नुसतं ‘सरन्यायाधीश’ वाचलं तरी दिल्लीची गोष्ट चालली आहे हे समजतं.

आता ‘सर’ऐवजी ‘महा’ का दिसतो? आणि नवीन शब्द करायला ‘सर’ वापरता येतो का?

सरव्यवस्थापकाचा महाव्यवस्थापक झाला, सरचिटणिसाच्या शेजारी महासचिव बसला. कारण उघड आहे: कार्यालयीन शब्द संस्कृतातून घडवायचे असं ठरलं की ‘महा’ हाताशी असतो, शिवाय हिंदीशी मेळ राहतो. माझं मत विचाराल तर ‘सर’ अधिक नेमका. ‘महा’ नुसता मोठेपणा सांगतो, तर ‘सर’ सांगतो की हाताखाली त्याच पदाची माणसं आहेत. सरचिटणीस म्हटलं की बाकीचे चिटणीस डोळ्यांपुढे येतात.

नवे शब्द करता येतात, पण तो कुठेही बसत नाही. जिथे उतरंड आहे तिथेच लागतो. सरसंघचालक, सरकार्यवाह हे विसाव्या शतकातले शब्द टिकले ते याच कारणाने. ‘सरकवी’ कुणी म्हणत नाही. कवींमध्ये उतरंड नसते असं नाही, पण ती कुणी मान्य करत नाही.

आडनाव जोडून लिहावं की तोडून?

मराठीत जोडून, एक शब्द. रोमन लिपीत काही कुटुंबं ‘सर’ वेगळा ठेवतात. मग फॉर्म भरताना संगणक त्याला मधलं नाव समजतो, आणि पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं असा गुंता होतो. जे काही लिहाल ते सगळ्या कागदांवर एकसारखं ठेवा.

आमच्या घराण्याला हे पद कधी मिळालं, ते शोधायचं कसं?

आधी वतन कुठल्या परगण्याचं ते घरातून काढा. गाव पुरत नाही, परगणा लागतो. मग जुने कागद. त्यांत नाव ‘अमुक बिन तमुक, सरदेसाई, परगणे अमुक’ असं येतं. ‘बिन’ म्हणजे मुलगा. त्यामुळे दोन पिढ्या एका ओळीत मिळतात. महजरासारख्या (सभेपुढे झालेल्या निवाड्याच्या) कागदाच्या शेवटी हजर असलेल्यांच्या निशाण्या असतात, पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला असतो. पद आणि आडनाव यांतला सांधाही इथेच दिसतो: जुन्या कागदात ‘सरदेसाई’ हा हुद्दा म्हणून येतो, पुढच्या एखाद्या कागदात तोच वतन नसलेल्या धाकट्या भावाच्या नावामागेही येतो. तिथे त्याचं आडनाव झालं.

इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने वतनं-इनामं तपासली. त्या वेळी घराण्यांनी आपला हक्क सिद्ध करायला कैफियती आणि वंशावळी दिल्या. हा साठा आजही फार उपयोगी आहे, फक्त एक सावधगिरी बाळगा: हक्क टिकवण्यासाठी लिहिलेली वंशावळ आहे ती, थोडी ताणलेली असू शकते. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, गोव्याकडच्या शाखांसाठी पणजीचं पुराभिलेखागार, या जागा धुंडाळाव्यात. बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस गाठा किंवा स्वतः शिका.

शोधाची दुसरी बाजू तुलनेने सोपी आहे. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने नष्ट झाली आणि १ मे १९५१ पासून तो अमलात आला. त्या काळचे महसुली फेरफार तहसील कचेरीत मिळू शकतात. तिथून मागे मागे जात राहिलात तर निदान शेवटचा वतनदार कोण होता एवढं तरी हाती लागतं.